डेन्झिल ओळखू येईल असा कॅमेरा

"शटर खाली घे," कॉन्सेप्टा आंटी म्हणाल्या.

"आंटी, दुपारचे बारा वाजलेत. गिऱ्हाइकं परत जातील ना."

"मी कोण आहे मग? अंधारातला कॅमेरा अंधार केल्याशिवाय कसा बघायचा? इथे उजेडात बघून घेऊन जाऊ, आणि घरी रात्री वाट लागली तर?"

बारा वर्षं मी मरोळला कॅमेरे विकतोय आणि बसवतोय. इतकं शहाणपणाचं बोलणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. लोक येतात, खोक्यावरचं वाचतात, दोनशे रुपये कमी करा म्हणतात आणि घेऊन जातात. मी मुकाट्याने शटर ओढलं आणि दिवे घालवले. माझं दुकान बोळासारखं लांबट आहे, त्यामुळे आतल्या बाजूला चांगला मिट्ट काळोख झाला.

आंटींनी पर्समधून सुतळीचा गुंडा काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "हे माझ्या घराच्या भिंतीपासून खुराड्यापर्यंतचं अंतर. वीस फूट भरेल. तू त्या टोकाला जा, खाली वाक आणि माझ्याकडे बघ."

"वाकायचं कशाला?"

"बदक चोरताना माणूस वाकतो की नाही?"

बदकांचं प्रकरण मला तेव्हा कळलं. आंटी मरोळच्या मागच्या गावठाणात राहतात. नवरा ज्युलियस जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नादिया ऑस्ट्रेलियात. नाताळसाठी आंटी दरवर्षी सहा बदकं पाळतात. यंदा ऑक्टोबरातच त्यातली दोन गेली. पिसं नाहीत, आवाज नाही, काही नाही. आणि त्याच्या आठच दिवस आधी शेजारचा डेन्झिल कुंपणावरून ओरडला होता, "कॉन्सेप्टा, तुझी बदकं झोपू देत नाहीत गो! एक दिवस सगळी कापून खाईन!" डेन्झिल म्हणजे विमानतळावर कार्गोत आयुष्यभर माल चढवून निवृत्त झालेला, सत्तरीचा, एकटा माणूस. दोघांची घरं पाठीला पाठ लावून, ओळख पन्नास वर्षांची. पण आंटींना तेवढा पुरावा पुरला. रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, सुटल्यावर चर्चच्या दारातच त्यांनी सगळ्यांदेखत त्याला चोर म्हटलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

"चेहरा ओळखू आला पाहिजे," अंधारातून आंटींनी मला बजावलं. "डेन्झिलचा."

माझं निम्मं गिऱ्हाईक असंच, चोर आधी ठरवून येतं. कॅमेरा त्यांना फक्त शिक्कामोर्तबापुरता हवा असतो.

पहिला कॅमेरा स्वस्तातला. त्यात माझं तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरंफटक दिसलं. "हे भूत आहे," आंटी म्हणाल्या. "भुताला डेन्झिल कोण म्हणेल?" शिवाय तो घरात लावायचा, पावसात टिकला नसता. दुसरा महागातला. समोर काही हललं की त्याचा पांढरा दिवा भक्कन लागतो आणि चित्र रंगीत येतं. माझ्या शर्टाच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या.

"हाच घ्या आंटी. हजारभर जास्त जातील, पण दिवा बघूनच चोर पळतो."

"पळाला तर मी पकडू कशी?"

"अहो, तो पळाला म्हणजे बदक वाचलं ना!"

"बदक वाचवून काय करू? मला डेन्झिल पाहिजे!"

मी कपाळाला हात लावला, अंधारात तेवढी सोय होती. शेवटी तिसरा ठरला. बाहेर लावायचा, पाण्याला न भिणारा, काळंपांढरं पण स्वच्छ चित्र देणारा. त्याचा रात्रीचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे समोरच्याला पत्ता लागत नाही. अठ्ठावीसशे रुपये. त्यातले तीनशे आंटींनी कमी करायला लावले, कारण मला पहिली आंघोळ त्यांनी घातली होती. आंटी अंधेरीच्या एका प्रसूतिगृहात एकतीस वर्षं आया होत्या आणि पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक दुकानदाराला त्या हे सांगतात. खरं-खोटं करायला माझ्याकडे त्या दिवसाचं फुटेज नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिडी घेऊन गावठाणात गेलो. मी वर चढतोय तोच कुंपणापलीकडून हाफ पँटमधला एक पोट सुटलेला माणूस आला आणि त्याने न विचारता शिडी धरली.

"कॅमेरा काय? झकास. जरा डावीकडे घे रे, नाहीतर जांभळाची फांदी आड येईल. खुराड्याचं दार नीट दिसलं पाहिजे."

मी डावीकडे घेतला. खरंच दार नीट दिसायला लागलं. तो गेल्यावर आंटी दबक्या आवाजात म्हणाल्या, "पाहिलंस? किती पोचलेला आहे! स्वतःच जागा दाखवून गेला."

"हाच डेन्झिल?" मी विचारलं. मला तो माणूस आवडला होता, पण गिऱ्हाइकाच्या चोराबद्दल आपण मत देऊ नये.

त्यानंतर रोज सकाळी सहाला आंटींचा फोन ठरलेला. सोमवारी मांजर. मंगळवारी घूस. बुधवारी "काहीतरी उडालं, बघ जरा," तर ते पान. गुरुवारी पुन्हा तीच घूस, आणि आंटी तिला एव्हाना ओळखायलाही लागल्या होत्या. माझी बायको प्रांजल म्हणाली, "तू कॅमेरा विकलायस की लग्न लावलंयस?"

रविवारी फोन साडेसातला आला, आणि आवाजच वेगळा होता.

"सापडला! डेन्झिल! खुराड्यापाशी वाकलेला, स्पष्ट तोंड! सुबोध, तू ये आणि हे टीव्हीला जोडून दे. मी सगळ्यांना नऊला बोलावलंय. त्याला पण."

"पूर्ण बघितलंत ना?"

"पूर्ण कशाला बघू? एवढं बस झालं ना!"

मी आठलाच पोचलो. आंटींनी खुर्च्या मांडल्या होत्या, मिस्साच्या कपड्यांतच होत्या, आणि कुणाचं बाळ सुखरूप झाल्यावर असाव्यात तशा खुशीत होत्या. मी टीव्ही जोडला आणि लोक यायच्या आधी एकदा चालवून बघितलं.

रात्रीचे दहा वाजायला आलेत. खुराड्याचं दार अर्धवट उघडं, वाऱ्याने हलतंय. डेन्झिल कुंपण ओलांडून येतो. एक बदक बाहेर आलंय, त्याला पायाने हळूच आत ढकलतो. मग वाकतो. आंटींनी बघितलं होतं ते इथपर्यंत. तो वाकून बोटाने बदकं मोजतो, दार लोटतो, कडी लावतो, दोनदा ओढून बघतो. एक मोठा दगड आणून दाराला लावतो आणि कमरेला हात देत परत जातो.

मी पुढचं लावलं. पहाटेचे तीन वीस. भिंतीवर दोन डोळे चमकले आणि मागून सगळा बिबट्या उतरला, लांब शेपटीसकट. आरे कॉलनीचं जंगल इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आम्हाला बिबट्या ऐकून नवा नाही, पण असा अंगणात बघितलेला नव्हता. त्याने दार हुंगलं, पंजाने ओढून बघितलं, दगडाशी थोडी झटापट केली आणि आला तसा भिंतीवरून गेला.

"कडी उघडी होती," आंटी म्हणाल्या. बिबट्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "मी रोज लावते." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "लावते ना रे?"

मला काय माहीत? पण तशा आवाजात त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

बाहेर बायकांचे आवाज यायला लागले होते. मी घाईने म्हणालो, "आंटी, फक्त बिबट्या दाखवू. डेन्झिल अंकल सुटतील, लोक खूश होतील. पहिलं मी काढून टाकतो. कुणाला कळणार पण नाही."

आंटी टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. "एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एक पोर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही मी. एक पण." मग डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "पहिल्यापासून लाव."

दहाबारा जणी आल्या. डेन्झिलही आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आपल्यालाच बोलावलंय म्हटल्यावर थेट पुढच्या खुर्चीत बसला. मी सुरू केलं. आंटी टीव्हीजवळ उभ्या राहिल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हे दार. ह्याची कडी मी लावायची विसरले. कालच नाही, आधीपण विसरले असणार. दोन बदकं गेली ती माझ्यामुळे. ह्याला मी चोर म्हटलं तेव्हा ऐकायला तुम्ही सगळ्या होत्या, म्हणून आता पण ऐका. डेन्झिल, माझं चुकलं. मला माफ कर."

डेन्झिल पडद्याकडे टक लावून बघत होता.

"माफीचं राहू दे," तो म्हणाला. "सुबोध, माझं पोट एवढं दिसतं की तुझ्या कॅमेऱ्यात बिघाड आहे?"

सगळ्या खो खो हसल्या. तेवढ्यात पडद्यावर बिबट्या उतरला आणि हसण्याच्या किंकाळ्या झाल्या. पुढच्या पाच मिनिटांत निम्म्या गावठाणाला बातमी पोचली, एकीने वनखात्याला फोन लावला आणि आलेल्यांतल्या ॲमांडाने बिबट्या चार वेळा परत लावायला लावला. तिला तो फार देखणा वाटला.

लोक पांगल्यावर आंटींनी डेन्झिलला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत कुठे होतीस माझ्याशी? आणि सांगणार काय? कॉन्सेप्टा विसरायला लागली म्हणून? ऐकून घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं," आंटी म्हणाल्या.

"मग? कडी लावणं सोपं होतं."

मी तारा गुंडाळत होतो. म्हटलं, उद्या येऊन दिव्याचा कॅमेरा लावून देतो, हा परत घेतो, वरचे पैसे सावकाश द्या. बिबट्या उजेडाला बिचकेल. आंटींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आणखी एक कर. ह्याच्या फोनवर पण टाक."

"आंटी, तुमचं सगळं अंगण दिसेल त्यांना. कधीही."

"त्यासाठीच सांगते."

डेन्झिलने फोन माझ्या हातात दिला. त्या क्षणी त्याला चेष्टा सुचली नाही. मी ॲप टाकलं, जोडलं, आणि आम्ही दोघं ओट्यावर उभे राहून चित्र येण्याची वाट बघत राहिलो. चित्र आलं तेव्हा आंटी त्यात होत्याच. बदकांना दाणे घालून त्यांनी दार लोटलं, वाकून कडी लावली आणि कॅमेऱ्याकडे वर बघत थांबल्या.

"दिसली गो!" डेन्झिल ओरडला. "लावलीस!"

आंटींनी मान डोलावली. मग वाकून त्यांनी ती आणखी एकदा ओढून बघितली.