उजव्या पायाच्या गमबुटाची लाज

मी एक जुना गमबूट आहे, उजव्या पायाचा. मित्रांनो, हवं तर नाकाला रुमाल लावा, मी रागावणार नाही. माझा वास मलाच सोसत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाकुळकुळीत आणि चकचकीत होतो. दुधाच्या डेअरीत कॅन आणि फरशी धुणाऱ्या एका आजोबांच्या वाट्याला आलो. गरम पाणी, सोडा, सांडलेलं दूध, सगळं मी अंगावर झेललं. "बूट असावा तर असा!" ते म्हणायचे आणि मी फुगून जायचो. पण मला आतून वाळवायचं कुणाला सुचलं नाही. ओल राहिली आणि आजोबांच्या बोटांच्या बेचक्यात बुरशी धरली. ते मलम लावायचे आणि खाज थांबली की सोडून द्यायचे. बुरशी पुन्हा यायची, आधीपेक्षा निगरगट्ट होऊन. घरी ते मोजेच काढेनात. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

त्यांची लेक प्रयोगशाळेत बुरशीवरच काम करायची. एकदा जेवताना ती रंगात येऊन सांगत होती. मी दाराशी होतो, मला सगळं ऐकू आलं.

"काही बुरश्या औषधाला दादच देत नाहीत, बाबा. पण त्याच औषधाबरोबर साधं अंगदुखीचं औषध घातलं, की त्यातल्या काही ढिल्या पडतात. अर्थात हे अजून काचेच्या बशीत हं! माणसावर वापरायला वेळ आहे."

आजोबांनी मधलं वाक्य पदरात पाडून घेतलं आणि शेवटचं कानाआड केलं. गुडघ्यासाठी आणलेल्या गोळ्या त्यांनी कुटल्या, मलमात कालवल्या, बोटांना लावल्या आणि पाय माझ्यात घातला. दिवसभर ते लेपन माझ्या ओल्या पोटात शिजत राहिलं. संध्याकाळी कातडी सोलून निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याहून वाईट पुढेच होतं. आजोबांची नात अनवाणी पायांनी माझ्यात शिरून घरभर धपधप करत फिरायची. मला तो खेळ फार आवडायचा. तिच्याही बोटांत लाल चट्टे उठले.

लेक तिच्यावर कडाडली, "किती वेळा सांगितलं, पाय नीट पूस म्हणून! ऐकायचंच नाही ना?"

पोर मुसमुसू लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी! एक चोर दाराशी उभा होता आणि दुसरा मोजे घालून खुर्चीत बसला होता.

आजोबा वाकले आणि सगळ्यांसमोर त्यांनी मोजा काढला.

"तिला बोलू नकोस. हे माझं आहे."

लेक त्या पायाकडे बघतच राहिली. "बाबा, मी रोज दुसऱ्यांची बुरशी बघते हो..."

डॉक्टरीणबाईंनी आजोबा-नात दोघांनाही मलम दिलं आणि बजावलं, "खाज थांबली तरी सांगेपर्यंत लावायचं. आणि आजोबा, गुडघ्याची गोळी गुडघ्यालाच राहू द्या!" लेकीचे प्रयोग चालूच आहेत. त्यातून काय निघायचं ते निघेल, पण ते तिच्या बशीत.

आजोबांना नवे बूट आले. मी गच्चीत उन्हात उलटा पडलेला असतो. मित्रांनो, ओल्या बुटाला ऊन दाखवा. आणि दुखणं असेल तर मोजा काढा, लपवू नका. लपवलेलं दुखणं घरातल्या सगळ्यात लहान पायाला जाऊन बिलगतं.

नात कधीतरी गच्चीत येते. मला सरळ करते, आत डोकावते, पाय उचलते. मग काहीतरी आठवून पाय मागे घेते आणि निघून जाते. त्या इवल्या पायांची मला अजून सवय आहे. तरी ती मागे फिरली की मला बरं वाटतं.