घंटेच्या पोटातलं नाव

लुवेनिया ब्रिकहाउसने कार्यक्रमाचा कागद उलटा केला, सुलटा केला आणि शेजारी बसलेल्या लेकीच्या मांडीवर टाकला. "यात डेलमार कुठंय, दाखव."

"आई, हळू बोल," रोझेटा म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. बघायलाच आलेत ना?"

अमेरिकेतल्या नॉरफोकच्या धक्क्याला 'अ‍ॅलेगनी' आज शेवटची लागली होती. अणुभट्टीवर चालणारं हे अवाढव्य विमानवाहू जहाज आरमारातून निवृत्त होत होतं. पोटात भट्टी, म्हणून त्याचं संग्रहालयही होणार नव्हतं. ओढून न्यायचं आणि कापायचं. उरणार होती ती पितळी घंटा. तीच उलटी करून, तिच्यात पाणी भरून लुवेनियाच्या लेकाचा, डेलमारचा, बाप्तिस्मा झाला होता. बाप तेव्हा जहाजावर खलाशी. रिवाजाप्रमाणे पोराचं नाव घंटेच्या आतल्या अंगाला कोरलं. पुढे तेच पोर मोठं होऊन याच जहाजावर चाकरीला लागलं. एका दुपारी, उतरणारं विमान अडवायची पोलादी तार तुटली आणि तिने डेलमारला समुद्रात भिरकावलं. समुद्राने काही परत दिलं नाही. लुवेनियाला फुलं ठेवायला थडगं नव्हतं. होतं ते हे जहाज.

व्यासपीठावर एक तरुण अधिकारी जहाजाचा इतिहास वाचत होता. कुठल्या समुद्रात गेलं, कुठल्या लढाईत विमानं उडवली, कोण राष्ट्राध्यक्ष जेवून गेले. "आणि अभिमानाने सांगतो, शत्रूच्या हातून या जहाजाने एकही माणूस गमावला नाही!"

टाळ्या कडाडल्या. लुवेनियाचे हात मांडीवरच राहिले. सकाळीच तिने त्याला गाठलं होतं.

"मॅम, ते अपघातात गेले," तो म्हणाला होता. "हा लढायांचा इतिहास आहे."

"बाळा, युद्ध चालू आहे का, असं त्या तारेने विचारलं होतं त्याला?"

"आता आयत्या वेळी काही बदलता येणार नाही, मॅम."

"राष्ट्राध्यक्षांचं जेवण बसतं तुझ्या इतिहासात. माझं पोर तेवढं मावत नाही!"

समारंभ आटोपला. मोठे साहेब एकेक करून उतरू लागले. साहेब उतरताना घंटेचे टोल द्यायचे आणि तो जहाज सोडतोय अशी हाक द्यायची, ही आरमाराची रीत. प्रत्येकाला त्याचे टोल मिळाले. मग व्यासपीठावर घंटेपाशी उभा असलेला खलाशी तिची दोरी सोडायला वाकला.

"थांब," लुवेनिया म्हणाली. काठी टेकत ती वर चढलीसुद्धा. मागून रोझेटा "आई, आई" करत राहिली.

तो वाचणारा अधिकारी धावत आला. "मॅम, हा मान फक्त अधिकाऱ्यांचा..."

"मला हात लावून बघ."

तो जागीच थबकला. लुवेनियाने घंटेच्या पोटात हात घातला. बोटांना अक्षरं लागली, तशी ती तिथेच थांबली. मग हात काढून तिने दोरी धरली आणि दोन टोल असे हाणले, की मागे समारंभाचा केक खायला जमलेली माणसंसुद्धा वळली.

"डेलमार ब्रिकहाउस जहाज सोडतोय!"

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या, जहाजावरच्या जुन्या खलाशांच्या रांगेत विटक्या हिरव्या टोपीतला एक म्हातारा खुर्चीला धरून उठला. त्याने सलाम ठोकला. मग त्याच्या शेजारचा उठला, मग सगळी रांग. अगदी शेवटी अधिकाऱ्याचाही हात कपाळाशी गेला. लुवेनियाने त्याच्याकडे बघितलंही नाही.

दोरी तिने खलाशाच्या हातात दिली.

"आता कापा तुमचं जहाज."