रविवारचा वर्ग

बारावीनंतर विनोदिनीला पुण्याला जाऊन मराठी शिकायचं होतं. वडील म्हणाले, "बेटा, उज्जैनात काय कमी आहे?" आणि तिनं निमूटपणे बी.कॉम. केलं. टावर चौकाजवळचं माहेर सोडून गावातच नानाखेड्याला सासरी आली, मुलगी झाली, ती नोकरीला बंगळुरूला गेलीसुद्धा. पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस त्याच मुलीनं, ऋतानं, फोनवर विचारलं, "आई, पुण्याच्या एका विद्यापीठात मराठीचं एम.ए. ऑनलाइन करता येतं. तुझं नाव घालू?"

विनोदिनी हो म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे लांब बाक होता, शेजारी मैत्रीण होती, तास संपल्यावर जिन्यात रेंगाळणं होतं. मिळाला तो ऋताचा जुना लॅपटॉप. धडे आधीच रेकॉर्ड केलेले. प्रत्येक धड्याखाली प्रश्न, ते सोडवल्याशिवाय पुढचा धडा उघडत नसे. निबंध लिहून अपलोड करायचे, तारीख टळली की संपलं. शंका असली तर चर्चेच्या पानावर लिहायची आणि उत्तराची वाट बघायची. सोय मात्र मोठी. शिकवणाऱ्या बाईंना वाक्याच्या मध्येच थांबवून दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करता येई. पण शेजारी कुणी नव्हतं.

फक्त रविवारी सकाळी रुचिर सर समोर येत. पहिल्या रविवारी विनोदिनी इस्त्रीची साडी नेसून बसली. पडद्यावर सगळ्या काळ्या चौकटी, त्यांत नुसती नावं. चेहरा एकटीचाच. ती गोंधळून म्हणाली, "सर, माझी आवाज येते आहे का?"

कुणीतरी खुदकन हसलं. आवाज मराठीत 'तो' असतो, हे तिला ठाऊक होतं. जन्मभर हिंदीत बोलून जीभ घसरली होती. तिचा हात कॅमेरा बंद करायला गेला, तेवढ्यात शेजारची चौकट उजळली. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई, मागे खिडकी आणि खिडकीत पोफळी. "येतोय हो ताई, अगदी छान येतोय!" ती म्हणाली. दापोलीची रजनी.

तेव्हापासून दोघींच्या चौकटी उघड्या राहू लागल्या. वर्ग संपला की सर निघून जात, पण पडद्यावरची खोली थोडा वेळ उघडी ठेवत. त्या वेळात दोघी बोलत. ओव्यांवरून जात्यावर, जात्यावरून पोह्यांवर. "तुमच्याकडे पोह्यात शेव घालतात म्हणे?" "आणि जलेबीपण, रजनीताई, बाजूला!" मग खोली बंद होई. फोन नंबर घ्यायचं दोघींच्याही मनात आलं नाही. रविवार होताच ना.

दुसऱ्या सत्रात एका रविवारी रजनी आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. मग तिचं नावच यादीतून गेलं. विनोदिनीनं मदत केंद्राला फोन लावला.

"त्यांनी शिक्षण मध्येच थांबवलंय, मॅडम. मिळवलेले गुण राहतात, परत येऊ शकतात. नंबर नाही देता येणार."

"निरोप तरी?"

"खातं बंद आहे. कुठे पोचवणार?"

विनोदिनी शिकत राहिली. वर्गात चांगलं वाक्य आलं की नजर अजून शेजारी जाई. शेवटच्या परीक्षेला लॅपटॉप फिरवून आधी सगळी खोली दाखवावी लागली. दिवाण, कपाट, टेबलाखालचं सगळं. विष्णू, तिचा नवरा, कुणी बेल वाजवू नये म्हणून बाहेर पायरीवर बसून राहिला. आठवायला तिनं छताकडे पाहिलं, तर सूचना आली, नजर समोर ठेवा. समोर तिचाच चेहरा होता.

ती पास झाली, चांगल्या गुणांनी. तरीही सवयीनं चर्चेचं पान उघडत राहिली. एका दुपारी तिथे नव्या वर्गाच्या प्रश्नांत एक प्रश्न दिसला: दुसऱ्या सत्राचा निबंध नव्यानं लिहावा लागेल का? खाली नाव, रजनी.

विनोदिनीनं उत्तराऐवजी आपला नंबर लिहिला. थोड्याच वेळात फोन वाजला.

"ताई, यजमानांचं काम सुटलं, पनवेलला आलो. मी दुकानात लागले, रविवारीसुद्धा. आता कुठे सुट्टी मिळाली." मग रजनीनं विचारलं, "तुम्ही पुढे गेलात ना?"

"गेले," विनोदिनी म्हणाली.

पदवीदान पुण्यात होतं. विष्णूनं तिकिटांचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "यंदा नाही जायचं. पदवी दोन वर्षांनीही घेता येते, मी विचारलंय."

"अगं, डिग्री मिळाली तर घेऊन टाक की! दोन वर्षं कशाला इंतजार?"

"तिथे खुर्च्या ओळीनं मांडतात म्हणे," ती म्हणाली. "रजनीताई पास झाल्या की दोघी जाऊ."

विष्णू मग म्हणाला, "आणि त्यांनी परत मध्येच सोडलं तर?"

तिनं दुसऱ्या सत्राचं पुस्तक काढलं, रजनीताईंना फोन लावला आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवायला सुरुवात केली.