समता सप्ताहातली धुरी

आमच्या शाळेत समता आली ती पोस्टरांवरून. 'वंशभेदाला इथे थारा नाही' असं जिन्यात, कँटीनमध्ये, अगदी मुतारीच्या दारावरसुद्धा. समता समितीत मलाही घेतलं. मी तिथली मदतनीस शिक्षिका, सगळ्या स्टाफात एकटीच ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींतली. फोटोत माझा चेहरा हवाच होता त्यांना.

मंगळवारी गणिताच्या मास्तरांनी माझ्या भाचीला, शेलीनला, वर्गातून उठवून ऑफिसात नेलं. अंगाला गांजाचा वास येतो म्हणे. दप्तर उपसलं, जॅकेटचे खिसे उलटे केले. मिळालं काय, तर अर्धं सँडविच. तरी आठवडाभर घरी बसवलं, नियम सगळ्यांना सारखा म्हणून. आमच्या घरातल्या पोरांत बारावीपर्यंत टिकलेली ही पहिलीच. तिची थोरली भावंडं अशीच आठवड्यासाठी म्हणून घरी आली, ती शाळेकडे परत फिरकलीच नाहीत.

वास कसला, ते मला ऐकताक्षणी कळलं. आई रोज सकाळी शिंपल्यात सेज नावाच्या रानझुडपाचा वाळका पाला धुमसवते. घराबाहेर पडणारा प्रत्येक जण ती धुरी डोक्यावरून, डोळ्यांवरून घेतो. मन निवळावं, तोंडून वावगं जाऊ नये म्हणून. आमच्या या विनिपेग शहरात जन्म काढलेल्या माणसाला हा वास कळू नये? कळतो हो, कळून घ्यायचा नसतो.

मी तडक मुख्याध्यापिका फ्रीझन बाईंकडे गेले आणि पर्समधली पाल्याची पुडी टेबलावर ठेवली. त्यांनी हुंगली आणि एकदम खुलल्या.

"अगं व्हर्ना, शुक्रवारच्या कार्यक्रमाला हेच तर हवंय. तुझी आई येईल ना धुरी द्यायला?"

"शेलीनच्या अंगाला हाच वास होता, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, गैरसमज झाला खरा, पण घरी धुरी घेतली तर आधी चिठ्ठी द्यायची ना. मी विचारलं, तुमच्या अत्तराची चिठ्ठी कुणाकडे दिलीत? शिक्षा मागे घेतली त्यांनी. पण वर्गासमोर चूक कबूल करायला तयार नाहीत, का तर मास्तरांचा मान जातो. पोरीचा गेला त्याचं काय?

शुक्रवारी आई आलीच. मी नको म्हणत होते, ती म्हणाली, पोरीला परत घेतलंय ना, आता तोंड वाकडं करू नकोस. फ्रीझन बाईंनी डोळे मिटून केसांवरून धूर घेतला. मागोमाग मास्तरांनीही घेतला. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. मेल्यांना कुणाला गांजाचा वास आला नाही.

सोमवारी सकाळी आईने शिंपला पुढे केला. शेलीन मागे सरली. धुऊन काढलेल्या जॅकेटला साबणाचा भपका येत होता.

"नको आजी. मला शाळेत जायचंय."

आईला लहानपणी मिशनच्या शाळेत आपल्या रीती पाळल्या म्हणून पट्ट्याने फोडून काढायचे, तरी तिने ही धुरी सोडली नव्हती. नातीपुढे मात्र तिने शिंपला खाली ठेवला.