चौथ्या भागातली बाई

चष्मेवाल्याने भावजींच्या नाकावरून चष्मा काढून घेतला आणि बारीक पेचकसाने दांडीचा स्क्रू आवळायला सुरुवात केली. रविवार असल्याने दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मागच्या खोलीतल्या टीव्हीवर सिनेमा लावून थांबवून ठेवला होता, कारण ढिला चष्मा एका हाताने सावरत खून बघण्यात काही मजा नसते.

स्क्रू आवळून झाला तरी त्याने चष्मा परत दिला नाही. सोळा वर्षं भावजींचा प्रत्येक चष्मा याच टेबलावर तयार झाला होता. त्यांच्या नाकाचं हाड डावीकडे किंचित बसकं आहे, उजवा कान जरा वर आहे, हे त्याला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ही फ्रेम त्याच्या दुकानातली नव्हती.

विचारायचं सोडून तो सिनेमावर बोलू लागला. दोघांचं रविवारचं भांडण ठरलेलं होतं. एकीकडे ‘इस्त्रीवाला’, सात भाग, तापलेली इस्त्री घेऊन माणसांच्या मागे लागणारा एक गप्प माणूस. दुसरीकडे ‘लिफ्टवाला’, नऊ भाग, बंद पडलेल्या इमारतीत गणवेश घालून उभा राहणारा आणि कुठल्या मजल्यावर जायचंय ते आदबीने विचारणारा. ही नावं ताईने ठेवलेली. ताई म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण, भावजींची बायको. ती दोघांच्या मध्ये बसायची, खुनाच्या वेळी डोळे घट्ट मिटायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, ‘मेला का? उघडू का डोळे?’ लिफ्टवाला तिसऱ्या भागात जळून राख झाला आणि चौथ्यात पुन्हा टोपी घालून उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली होती, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. ताईला जाऊन तीन वर्षं झाली होती. रविवार त्या दोघांनी चालू ठेवले होते.

भावजी लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करत. लिफ्टचा दोर असा एकाएकी तुटत नाही, ब्रेक आपोआप लागतो, हे ते प्रत्येक भागाला सांगत आणि तरीही लिफ्टवाल्याला दहापैकी नऊ गुण देत. चष्मेवाला इस्त्रीवाल्याच्या बाजूचा. त्याचं म्हणणं एकच होतं. इस्त्रीवाल्याच्या सातही भागांत वाचणारी बाई तीच आहे. पहिल्यात कॉलेजला जाते, सातव्यात तिचे केस पिकलेत, पण धावते तीच. लिफ्टवाल्यात मात्र चौथ्या भागापासून वाचणाऱ्या नर्सचं काम दुसरीच नटी करते. नाव तेच, घर तेच, चेहरा दुसरा. भावजी यावर हसून म्हणत, बाबा रे, नटीने पैसे जास्त मागितले असतील. आज ते हसले नाहीत.

“नाकावर ढिली बसतेय,” चष्मेवाला म्हणाला. “नाकापेक्षा मोती जड झालाय. कुठून घेतलीत?”

भावजींनी दुकानाचं नाव सांगितलं नाही. शाळेजवळचं एक दुकान आहे, एवढंच म्हणाले. मग बिनचष्म्याच्या डोळ्यांनी, समोरचं धड दिसत नसताना, त्यांनी बाकीचं सांगून टाकलं. त्या शाळेत एक बाई गणित शिकवते. शाळेची लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते, तिथे ओळख झाली. तिचंही माणूस गेलंय. पुढच्या महिन्यात लग्नाची नोंदणी करायची आहे. तिचं म्हणणं पडलं की जुनी फ्रेम चेहऱ्याला फार काळी दिसते.

जुनी फ्रेम ताईने निवडलेली होती. मोडली की चष्मेवाला तशीच दुसरी मागवायचा. त्याला राग आला. त्याने चष्मा टेबलावर ठेवला.

“सिनेमे बघते ती?”

“नाही. तिला रक्त चालत नाही.”

“म्हणजे रविवार गेले.”

“तसं मी कुठे म्हणालो?”

चष्मेवाला चौथ्या भागावर घसरला. जे समोर बोलवत नव्हतं ते त्याने लिफ्टवाल्याच्या पाठीवर लादलं. म्हणाला, चेहरा बदलला आणि त्या घरात एकालाही काही वाटत नाही. नवरा तिला जेवायला हाक मारतो. ती येते, खुर्ची ओढते, मीठ मागते. निदान एकाने तरी तिच्याकडे टक लावून बघायला हवं होतं. निदान एकाने तरी विचारायला हवं होतं, आधीची कुठे गेली. बोलता बोलता त्याचा आवाज चढला आणि शटरबाहेरून जाणारं कुणीतरी क्षणभर थांबून पुढे गेलं.

टेबल चाचपत भावजींनी हात पुढे केला. तो चष्म्यासाठी असेल असं चष्मेवाल्याला वाटलं, पण त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“तू तो भाग कधी शेवटपर्यंत पाहिलाच नाहीस,” ते म्हणाले. “वीस मिनिटांत उठून गेला होतास. तुझ्या ताईनेच अडवलं मला. म्हणाली, त्याला बोलू नका, भांडू द्या.”

खरं होतं ते.

“नवरा विचारतो,” भावजी म्हणाले. “शेवटी. सगळे मेल्यावर जिन्यात बसतो आणि तिला म्हणतो, तू ती नाहीस. ती म्हणते, माहीत आहे मला. तरी मी धावलेच ना.” ते थांबले. “सिनेमा वाईटच आहे. दहापैकी चार. पण त्या बाईचा काय दोष?”

त्यांचे डोळे भरून आले होते. चष्मा नसल्यामुळे ते लपतही नव्हते. तीन वर्षांत चष्मेवाल्याने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ताईच्या मागे हा माणूस किती एकटा जेवत असेल, हे त्याच्या मनात आलं होतं, पण त्याने ते कधी विचारलं नव्हतं. रविवारी दुपारी खून बघितले की आपलं कर्तव्य झालं, असं तो धरून चालला होता.

त्याने मनगट सोडवून घेतलं आणि चष्मा पुन्हा हातात घेतला. नाकावरच्या दोन्ही चकत्या काढून जरा जाड चकत्या बसवल्या, उजवी दांडी गरम हवेवर धरून किंचित वाकवली. बराच वेळ लावला. मग स्वतःच्या हाताने भावजींच्या चेहऱ्यावर चढवला आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. फ्रेम त्यांना शोभत होती. ते मान्य करायला त्याला जड गेलं, पण डोळ्यांचं काम करणाऱ्याला खोटं बोलता येत नाही.

“बसली,” तो म्हणाला. “चांगली निवडली तिने.”

भावजींनी मान हलवली. आत जाऊन सिनेमा लावायचा की उठायचं, हे दोघांनाही कळेना. चष्मेवाला टेबलावरचे छोटे स्क्रू डबीत भरत राहिला. शेवटचा स्क्रू भरून झाल्यावर, वर न बघता, त्याने विचारलं.

“तिला भाऊ आहे का?”

भावजींना प्रश्न कळला.

“आहे,” ते म्हणाले. “धाकटा.”

“तुम्हाला भावजीच म्हणतो?”

“हो.”

चष्मेवाल्याने डबीचं झाकण लावलं.

“त्याला पहिल्या भागापासून दाखवा,” तो म्हणाला. “मधूनच सुरू केलं की आधी कोण होतं ते कळत नाही.”