बसा आता, वेळ संपली!

मी घंटा बोलतेय. शाळा सुटल्यावर पोरांना हसवणारी घंटा मी नव्हे. मी नगरपालिकेच्या सभागृहातली, अध्यक्षांच्या टेबलावरची. कुणाची वेळ संपली की त्याला गप्प करायचं, एवढंच माझं काम. आज मात्र मीच बोलणार आहे, कारण आता डोक्यावरून पाणी गेलंय.

ज्या कारागिराने मला पितळेतून ओतलं, त्याने कानाशी धरून वाजवून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "हिचा आवाज सगळ्यांना सारखाच जाईल बघ." बिचारा! आवाज सारखा असला तरी वाजवणारा हात सारखा नसतो, हे त्याला कुठे ठाऊक?

अध्यक्षसाहेब माणूस तसा गोड. पण गोरापान, सुटाबुटातला गृहस्थ बोलायला उभा राहिला की त्यांना माझा विसर पडतो. बाई उभी राहिली की हात माझ्याकडे सरकतो. आणि बाई काळी असेल, तर हात माझ्यावर मुक्कामालाच येतो.

मागच्या सभेचा विषय होता, 'सार्वजनिक सेवेतील वर्णभेद आणि लिंगभेद'. व्यासपीठावर झाडून सगळे पुरुष. म्हटलं, झालं, आता रंगणार सभा! एका निवृत्त प्राध्यापकांनी समानतेवर भाषण ठोकलं. लोक जांभया देऊन दमले, प्राध्यापक काही दमेनात. "आम्ही तर घरच्या मोलकरणीलाही ताई म्हणतो!" टाळ्या पडल्या. मी आपली मुकाट.

मग बसवाली उभी राहिली. डेपोत तिला सगळे याच नावाने ओळखतात. वर्षानुवर्षं शहराची बस चालवली, गाडीला ओरखडा म्हणून नाही. पण काही प्रवाशांनी तक्रार केली, "काळी बाई गाडी चालवते, भरवसा वाटत नाही." झालं! डेपोच्या साहेबांनी तिला स्टिअरिंगवरून उठवलं आणि गाड्या धुवायला लावलं. तिची गाडी तिला परत द्यायची की नाही, हे या सभेत ठरायचं होतं. मागच्या बाकावर तिची सासू मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"मला एवढंच विचारायचंय," बसवाली म्हणाली, "की माझी चूक..."

टण्!

"विषयाला धरून बोला, ताई," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, विषय मीच आहे की!"

टण्! टण्!

"अहो, त्या मास्तरांनी अर्धा दिवस खाल्ला, तेव्हा हात दुखत होता का तुमचा?" सासू मागून कडाडली. सभा हसली. अध्यक्षांनी पुन्हा माझ्याकडे हात नेला.

पण बसवाली आधी पोचली. तिने मला मुठीत घट्ट धरलं. घंटा मुठीत धरली की वाजत नाही, नुसती खुडखुडते. तिच्या हाताला साबणाचा वास होता, बोटांना भेगा होत्या.

"धुक्यात, पावसात तुमचीच पोरं मी शाळेत पोचवली," ती म्हणाली. "तेव्हा कुणी रंग विचारला नाही. मला दया नको. माझी गाडी द्या."

त्या मुठीत मला जेवढं बरं वाटलं, तेवढं आजवर कधी वाटलं नव्हतं.

वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. कसले उघडतात! निर्णय पुढे ढकलला. तिच्या 'असभ्य वर्तना'ची नोंद मात्र तत्परतेने झाली. आणि सुधारणा एकच झाली. मला कपाटात टाकून टेबलाखाली विजेची घंटा बसवली, कुणाच्या मुठीत येणार नाही अशी! कपाळावर हात मारून घ्यावा, तर मला हातच नाही.

आता मी जुन्या सतरंज्यांशेजारी धूळ खात पडले आहे. बाहेर पुन्हा सभा भरली आहे. बसवालीचा आवाज येतोय. लागली, ती नवी कर्कश बया लागली केकाटायला!

अहो शहाण्यांनो, वाजवायला माझी ना नाही. पण वाजवायचं तर सगळ्यांना वाजवा. ते जमत नसेल तर मला वितळवून नळाची तोटी करा, निदान कुणाची तहान तरी भागेल.

थांबा. सासूबाई ओरडताहेत, "बोल गं, थांबू नकोस!"

घंटा वाजतेच आहे. आणि बसवाली बोलतेच आहे.