दाखवू, पण देणार नाही

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे; पण ती कुजबुजली तरी शेजारी टीव्हीचा आवाज वाढवत, म्हणून घरात तेच रूढ झालेलं. त्या दिवशी परदेशातल्या विमानतळावर बॅगांची वाट बघताना तिने तो भोंगा अगदी पूर्ण ताकदीने वाजवला.

"बाबा, थांबा! पाठवू नका!"

फोनवरचा बाबांचा अंगठा जागच्या जागी थबकला. हॉटेलचा मेसेज होता: ऑनलाइन चेक-इनसाठी सगळ्यांच्या पासपोर्टचे आणि चेहऱ्यांचे फोटो या लिंकवर टाका, नाहीतर खोली दुसऱ्याला दिली जाईल.

"अगं, हॉटेल आहे ते. चोर नाही."

"लिंकमध्ये हॉटेलचं नाव तरी आहे का? चेहरा, सही, जन्मतारीख, नंबर, सगळं आयतं! कुणीही उठेल आणि बाबा बनून फिरेल."

"फिरू दे की," सोबत आलेली आत्या म्हणाली. "तो तरी वेळेवर जेवायला येईल. खरं सांग, पासपोर्टवर तुझा फोटो भयंकर आलाय म्हणून ना?"

"आलाच आहे! पण माझा आहे तो."

शहरात कसलंसं मोठं प्रदर्शन भरलेलं, सगळी हॉटेलं गच्च. खोली हातची गेली तर आत्याचा सुजलेला गुडघा घेऊन भटकायचं कुठे? बाबांनी हे तिला टॅक्सीत तीनतीनदा ऐकवलं. भोंग्याचं तोंड मात्र काही बंद झालं नाही.

हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "लिंक भरली नाहीत?"

"लिंक तुमचीच आहे का?"

"आमच्यासाठी एक कंपनी चालवते."

"मग आमचे फोटो ती ठेवते कुठे?"

त्याने खांदे उडवले आणि बाबांचा पासपोर्ट सरळ झेरॉक्सच्या काचेवर पालथा घातला. भोंग्याने स्वतःचा उघडून त्याच्यासमोर धरला, घट्ट, दोन्ही हातांनी.

"बघा. चेहरा जुळवा, हवं ते लिहून घ्या. कॉपी मात्र मिळणार नाही."

"सगळे देतात."

"म्हणून तर तो ढीग साचलाय!"

तिच्या बोटामागोमाग बाबांची नजर गेली. मशीनशेजारी पासपोर्टच्या कॉप्यांचा गठ्ठा, त्यावर कॉफीचा मग. कुणा अनोळखी बाईच्या ऐन कपाळावर मगाचा ओला गोल उमटला होता.

हॉटेलात गार चहा आला तरी मुकाट्याने पिणारे बाबा. त्यांनी काउंटरवरून हात लांब केला, मशीनचं झाकण वर केलं आणि आपला पासपोर्ट उचलून घेतला.

"मी वाचून दाखवतो. तुम्ही लिहा."

"मग खोली देता येणार नाही."

"बरं. कॉपी घ्यायचीच असा नियम आहे, तो दाखवा. तोवर आम्ही इथेच आहोत."

आत्याने बॅग आडवी केली आणि काउंटरसमोरच तिच्यावर बसकण मारली. "माझा गुडघा तसाही इथून हलायचा नाही."

मागे रांग वाढत चालली. पुढे केलेला पासपोर्ट एका गृहस्थाने हळूच परत खिशात सारला. ते बघून काउंटरवाल्याने एक मोठा सुस्कारा सोडला आणि पेन उघडलं.

"नाव सांगा."

तिघांची नावं, नंबर लिहून झाले. खोलीची किल्ली हातात पडली तरी भोंगा जागची हलेना.

"आता काय?" काउंटरवाला वैतागला.

"त्या मगाखालच्या बाईचं काय? तिची कॉपी फाडणार कधी?"

लिफ्टचं दार धरून बाबा उभे होते. "घे विचारून," ते म्हणाले. "आम्ही थांबतो."